२३ दिवसांचे शिक्षण आणि जन्मभराची वेठ

गावात साथ आली, रात्री-अपरात्री बाळंतीण अडली, एखादे लेकरू तापाने फणफणले, तर पहिल्यांदा कोणाचे दार वाजते? जिल्ह्याच्या मोठ्या डॉक्टरचे नाही. आरोग्य खात्याच्या सचिवांचे तर नाहीच नाही. वाजते ते आशाताईचे दार. ती उठते, पदर खोचते, रुग्णवाहिकेला फोन लावते आणि बाळंतिणीबरोबर दवाखान्यात जाऊन बसते. २०२० साली कोरोनाच्या भीतीने लोकांनी दारे लावून घेतली, तेव्हा घरोघर फिरून ताप आणि खोकल्याची नोंद करणारी हीच बाई होती. तिच्यासाठी टाळ्या वाजल्या, थाळ्या वाजल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील दहा लाखांवर आशांचा गौरव केला. पण गौरवाने चूल पेटत नाही. त्या गौरवाचे मानकरी असलेल्या महाराष्ट्रातील हजारो आशांना २०२४ च्या सुरुवातीला मुंबईच्या आझाद मैदानावर थंडी-उन्हात बसावे लागले, हेही आम्ही विसरलेलो नाही.

मानधनाच्या या लढ्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि लिहिले गेलेच पाहिजे. आज आम्हाला त्याच्या मुळाशी असलेल्या एका गोष्टीकडे चळवळीच्या वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. ती गोष्ट म्हणजे या बायांच्या प्रशिक्षणावर शासन करते तो खर्च. तो किती होतो, कशासाठी होतो आणि त्यातून त्या बाईच्या हाती काय पडते? आमचे म्हणणे स्पष्ट आहे. आज शासन तिला शिकवते ते तिच्याकडून काम करून घेण्यापुरते. तिने शिकून पुढे जावे, यासाठी शिकवत नाही. या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो फरक आपल्याइतका दुसऱ्या कोणाला कळणार?

थोडा इतिहास पाहू. १९७५ मध्ये श्रीवास्तव समितीने गावातीलच माणसे शिकवून आरोग्यकार्यकर्ते तयार करावेत, अशी शिफारस केली. त्यानंतर २ ऑक्टोबर १९७७ रोजी सामुदायिक आरोग्य रक्षक योजना सुरू झाली. तीन महिन्यांचे प्रशिक्षण, त्या काळात महिना २०० रुपये विद्यावेतन आणि पुढे काम करताना महिना ५० रुपये! निवड गावाने करायची होती. आपल्याकडे ‘गावाने’ याचा अर्थ काय होतो, हे आम्ही वेगळे सांगायला नको. बहुतेक जागी पुरुष निवडले गेले आणि त्यातही गावच्या पुढाऱ्यांच्या मर्जीतले. हे रक्षक संघटित होऊन हक्काचे वेतन मागू लागले, तेव्हा तुम्ही नोकर नाही, स्वयंसेवक आहात, असे उत्तर त्यांना मिळाले. पुढे योजनेचे नाव बदलले, निधी आटत गेला आणि योजना विझली. शिकलेली माणसे गावात राहिली, पण त्या शिक्षणाचा त्यांना काही उपयोग उरला नाही.

दुसरे उदाहरण आपल्या घरातलेच आहे. गावोगावची सुईण कोण होती? नाळ कापणे, वार पुरणे, बाळंतिणीचे कपडे धुणे हे काम विटाळाचे म्हणून अनेक गावांत मांगवाड्यातल्या आणि महारवाड्यातल्या आयाबायांच्या गळ्यात बांधलेले होते. सवर्णांचे लेकरू पहिला श्वास घेई ते आमच्या आजीच्या हातात, आणि बाराव्या दिवशी त्याच आजीला उंबऱ्याबाहेर उभे करून लांबून भाकर-तुकडा वाढला जाई. शासनाने या सुइणींसाठी ३० दिवसांचे प्रशिक्षण काढले, ३०० रुपये विद्यावेतन दिले, साहित्याची पेटी दिली. २००५ पासून जननी सुरक्षा योजना आली आणि बाळंतपण दवाखान्यातच व्हावे असे धोरण ठरले. दवाखान्यातील बाळंतपणाला आमचा विरोध नाही. आमच्या बायांचे जीव त्याने वाचतात. पण पिढ्यान्‌पिढ्या हे काम केलेल्या बाईला किंवा तिच्या लेकीला शिकवून त्याच दवाखान्यात परिचारिका म्हणून मानाने उभे करावे, हा विचार धोरण ठरवणाऱ्यांना सुचला नाही. विटाळाचे काम होते तोवर ते आमच्या बाईचे होते. त्याला पगार, गणवेश आणि खुर्ची आली, तेव्हा बारावी आणि पदविका मागण्यात आली आणि आमची बाई दाराबाहेर राहिली.

एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि आशा आली. हजार लोकसंख्येमागे एक, गावचीच रहिवासी, विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित, शक्यतो २५ ते ४५ वयाची, आठवीपर्यंत शिकलेली, असे निकष ठरले. पहिल्या वर्षात पाच टप्प्यांत मिळून २३ दिवसांचे प्रशिक्षण ठरले. पुढे नवजात बालकांच्या घरच्या घरी काळजीसाठी चार फेऱ्यांत आणखी २० दिवसांचे ठरले. म्हणजे एकूण ४३ दिवस. त्यानंतर जसजशी कामे वाढली तसतसे चार-पाच दिवसांचे तुकडे जोडले गेले. तीस वर्षांवरील प्रत्येकाच्या मधुमेह, रक्तदाब आणि कर्करोगाच्या धोक्याची नोंद करायची, की चालले पाच दिवस प्रशिक्षणाला. त्या नोंदीच्या एका अर्जामागे मोबदला ठरला दहा रुपये. लसीकरणाला बाया-लेकरे गोळा करायची, क्षयरोग्याला गोळ्या द्यायच्या, गरोदर बाईची नोंद करायची, कुटुंब नियोजनासाठी घरे झिजवायची, वर मोबाइलमध्ये माहिती भरायची. कामांची यादी संपत नाही, पण प्रशिक्षणाची एकसंध बेरीज कुठेच होत नाही.

हे तुकडे का पडतात, ते समजून घेतले पाहिजे. प्रशिक्षणाचा पैसा त्या बाईच्या नावाने येत नाही. तो त्या-त्या कार्यक्रमाच्या नावाने येतो. कार्यक्रम आला की पैसा येतो आणि पैसा आला की दोन-चार दिवसांचे वर्ग भरतात. तालुक्याच्या गावी एका दालनात बसवून पुस्तिका वाचून दाखवतात, सह्या घेतात, चहा-जेवण देतात आणि पाठवतात. केंद्र आणि राज्य यांचा खर्चाचा वाटा ६० आणि ४० टक्के असा आहे. त्यामुळे एक हात दुसऱ्याकडे बोट दाखवायला मोकळाच असतो. वीस वर्षे काम केलेल्या आशेने असे कितीतरी वर्ग केलेले असतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयामार्फत आशांना प्रमाणपत्र देण्याची सोयही झाली. पण त्या प्रमाणपत्राने परिचारिकेच्या अभ्यासक्रमात तिचा प्रवेश पक्का होत नाही की नोकरीवर हक्क येत नाही. भिंतीवर लावायला कागद मिळतो, एवढेच.

कोणी म्हणेल, आठवी शिकलेल्या बाईला शिकवून शिकवून किती शिकवणार? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्याच मातीत आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत थोड्याशा शिकलेल्या गावच्याच बायांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे, वेळ पडली तर इंजेक्शन देणे, हे सारे त्या शिकल्या. तेथील नवजात बालमृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने जगापुढे मांडले. शासनाने हा नमुना उचलला आणि २०११ मध्ये तो देशभरातील आशांवर सोपवला. दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर ४२ दिवसांत सहा वेळा त्या घरी जायचे. सहा भेटींचा मोबदला ठरला २५० रुपये. म्हणजे भेटीमागे बेचाळीस रुपयेही नाहीत! शासनाने बाईची करामत उचलली, पण ज्या चिकाटीने तिला तिथे शिकवले गेले, सोबत केली गेली, ती चिकाटी उचलली नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडचेही तेच. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केले. बाहेरून आणलेल्या परिचारिका गावात टिकेनात, तेव्हा त्यांनी गावच्या निरक्षर बाया शिकवायला घेतल्या आणि त्यात दलित बायाही होत्या. त्या बाया आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करत, शिकत, परत गावात जाऊन काम करत आणि पुन्हा येत. हे काही दिवसांचे शिबिर नव्हते. ते वर्षानुवर्षे चालले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सवर्ण आणि दलित बाया तिथे एकत्र जेवल्या आणि एकत्र झोपल्या. जातीचा विटाळ मनातून काढणे हा त्या प्रशिक्षणाचाच भाग होता.

आमच्या मते नेमका हाच भाग सरकारी प्रशिक्षणाने गाळला. वगळलेल्या घरांपर्यंत पोहोचा, असे आशांच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. पण ती घरे वगळली कोणी आणि का, हे कोण शिकवणार? घनश्याम शहा, सुखदेव थोरात आदी अभ्यासकांनी ११ राज्यांतील ५६५ गावांची पाहणी करून ग्रामीण भारतातील अस्पृश्यतेवर पुस्तक लिहिले. ते २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे एक तृतीयांश गावांत सरकारी आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी जायला नकार देतात, असे त्यात नोंदवले आहे. ही पाहणी आशा गावोगाव नेमल्या जाण्याआधीची आहे. पण आशा त्याच गावांतून, त्याच उतरंडीतून निवडल्या गेल्या. आशा वरच्या आळीची असेल तर तिचे पाय वस्तीच्या वेशीवर अडतात. आशा बौद्धवाड्यातली असेल तर वरच्या आळीच्या घरात तिला ओटीवरच उभे राहून गोळ्या द्याव्या लागतात. दोन्हीकडे मरते ते आमचेच माणूस किंवा अपमान गिळते ती आमचीच बाई. यावर उपाय म्हणजे एकत्र राहून, एकत्र जेवून घेतलेले लांब पल्ल्याचे निवासी प्रशिक्षण. त्याला पैसा लागतो. तो नाही म्हणणे म्हणजे जात आहे तशी राहू द्या, असे म्हणणे आहे.

आता ‘स्वयंसेविका’ या शब्दाकडे या. हा शब्द ऐकला की आम्हाला महार वतन आठवते. काय होते ते वतन? रात्रंदिवस सरकारचे आणि गावाचे काम. सारा पोचवा, सांगावा पोचवा, अंमलदारापुढे धावा. कामाला तास नाहीत, कामाची यादी नाही आणि त्या बदल्यात जमिनीचा एक तुकडा आणि दारोदार मागायचे बलुते. या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. बलुत्याऐवजी रोख मोबदला हवा, तो ठरलेला हवा आणि कामेही ठरलेली हवीत, हा त्यांचा आग्रह होता. तेव्हाही वतन म्हणजे गावकीचा मान आहे, असे सांगणारे लोक होते. आज आशेला कामाला तास नाहीत, कामांची यादी रोज वाढते आणि मोबदला नगामागे मिळतो. त्या मोबदल्याला नावच आहे ‘मानधन’. मान म्हणून धन कमी आणि धन देतो म्हणून मान कमी! वतन १९५८ च्या कायद्याने गेले. त्याचे हे नवे रूप सरकारी कागदावर आले आहे, असे आम्ही म्हटले तर त्यात अतिशयोक्ती कुठे आहे? राज्यघटनेच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी केली. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत काम करून घेणे हीदेखील वेठच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाड मजुरांच्या खटल्यात सांगितले. मग ज्या बाईला किमान वेतनाच्या कक्षेतच येऊ दिले जात नाही, तिच्या कामाला काय म्हणायचे?

काही भले लोक म्हणतात, आशा गावाची आहे, तिला सरकारी नोकर केले तर ती गावापासून तुटेल, परिचारिकेसारखी तालुक्याला राहायला जाईल. या म्हणण्याचा आम्ही प्रामाणिकपणे विचार केला. परिचारिका उपकेंद्रात राहत नाही ती पगार मिळतो म्हणून की उपकेंद्राचे छत गळते, पाणी नसते, रात्री एकटीला सुरक्षित वाटत नाही आणि मुलांना शाळा नसते म्हणून? दुसरे असे की गरिबीने बांधून ठेवलेल्या बाईला ‘गावाची’ म्हणणे हा गावाशी असलेला जिव्हाळा नव्हे. आमच्या पूर्वजांनाही गावाची माणसेच म्हणत होते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जनतेच्या पैशाने शिकून, ग्रामीण सेवेचे बंधपत्र लिहून देऊनही गावाकडे न फिरकलेल्या डॉक्टरांवर मात्र गावापासून तुटल्याची एवढी चिंता कोणी व्यक्त करत नाही.

आणखी एक गोष्ट. ३ जानेवारीला आणि ८ मार्चला आशांचे सत्कार होतात आणि सावित्रीमाईंचे नाव घेतले जाते. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या मुलाला सावित्रीमाईंनी पाठीवर घेऊन डॉ. यशवंतच्या दवाखान्यात आणले, त्या रुग्णसेवेतच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. तो त्याग आम्हाला शिरसावंद्य आहे. पण परकीय सरकार आणि सनातनी समाज दोघांनीही आपले कर्तव्य केले नाही, म्हणून माईंना तो करावा लागला. आज घटना आहे. कलम ४७ नुसार सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. त्यागाचा दाखला देऊन खर्चाची जबाबदारी टाळणे हा माईंचा सन्मान नव्हे. बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना सांगितले होते की मातेची काळजी हे राष्ट्रहित आहे आणि त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलला पाहिजे. शंभर वर्षे होत आली. तो भार अजून आमच्याच बायांच्या डोक्यावर आहे.

पैसा नाही, हे आम्हाला सांगू नका. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारनेच लिहिले होते की २०२५ पर्यंत आरोग्यावरील सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ. राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अंदाजपत्रकाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी, असेही त्यात होते. ते शब्द कागदावरच राहिले. दुसरीकडे, संघर्ष केला की पैसा निघतो, हेही दिसले. २०२१ च्या संपानंतर महाराष्ट्रात आशांच्या मानधनात हजार रुपयांची वाढ झाली. आझाद मैदानावरच्या ठिय्यानंतर मार्च २०२४ मध्ये पाच हजारांची वाढ मान्य झाली. हे कोणाच्या दयेने झाले नाही, ते संघटनेने मिळवले.

इथे चळवळीला सावधही केले पाहिजे. आशांचे वेतन आणि त्यांचे मूळ प्रशिक्षण हा आरोग्य खात्याचा खर्च आहे. तो अनुसूचित जाती उपयोजनेतून भागवा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तसे झाले तर उपयोजनेची लूट करायला आणखी एक निमित्त मिळेल. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी रुपये ‘लाडकी बहीण’ योजनेकडे वळवले गेले आणि खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनाच जाहीर नाराजी व्यक्त करावी लागली. उपयोजनेचा पैसा वापरायचाच असेल तर तो अनुसूचित जातीच्या आशेला आणि तिच्या मुलीला परिचारिका करण्यासाठी वापरा. तिची राहिलेली दहावी-बारावी, परिचर्या अभ्यासक्रमाची फी, वसतिगृह आणि शिक्षणाच्या काळात बुडणाऱ्या मजुरीची भरपाई यासाठी तो द्या. आणि हा पैसा दुसरीकडे वळवता येऊ नये म्हणून आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये केले तसे कायद्याचे कुलूप महाराष्ट्रातही लावा.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत. आशेला तुकड्यांऐवजी किमान एक वर्षाचे सलग, मान्यताप्राप्त प्रशिक्षण द्यावे आणि त्या काळात किमान वेतनाइतके विद्यावेतन द्यावे. त्यातील काही महिने निवासी असावेत आणि जातिभेदाचा प्रश्न हा त्यातला परीक्षेचा विषय असावा. दहा वर्षे सेवा झालेल्या आशांसाठी सरकारी परिचर्या विद्यालयांत राखीव जागा असाव्यात. गावापासून तुटलेल्या प्रत्येक दलित वस्तीला आणि आदिवासी पाड्याला, लोकसंख्या हजार भरो वा न भरो, त्याच वस्तीतील आशा असावी. २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्या, असे सुचवले होते. ते अमलात आणावे. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. मग आशांनी काय गुन्हा केला आहे?

आपल्यातील काहीजण म्हणतील, ही तर लाल बावट्याच्या संघटनांची लढाई आहे, आपण त्यात कशाला पडायचे? बंधूंनो आणि भगिनींनो, शिकण्याच्या हक्काची प्रत्येक लढाई आपलीच असते. बाबासाहेबांनी ‘शिका’ हा शब्द पहिला ठेवला तो उगाच नाही. आपल्या मुलांनी डॉक्टर व्हावे म्हणून आपण आरक्षणासाठी रस्त्यावर उतरतो आणि ते योग्यच आहे. पण आपल्याच वस्तीतली एक बाई वीस वर्षे औषधाची पिशवी खांद्यावर घेऊन फिरते आणि वीस वर्षांनीही आशाच राहते, याचा जाब आपण कधी विचारला?

आज तो विचारण्याचे साधन हातात आहे. माहितीचा अधिकारही २००५ चाच आहे. प्रत्येक शाखेने आपल्या तालुक्यापुरते चार प्रश्न विचारावेत. आशा प्रशिक्षणासाठी गेल्या पाच वर्षांत किती निधी मंजूर झाला? त्यातील किती खर्च झाला? किती आशांचे प्रशिक्षण अपुरे राहिले? तालुक्यातील किती दलित वस्त्यांत वस्तीतीलच आशा आहे? उत्तरे आली की ती ग्रामसभेत वाचून दाखवा, जिल्हा परिषदेच्या दारावर लावा आणि आमच्याकडेही पाठवा. आणि आशाताई पुढच्या वेळी तालुक्याच्या वर्गाहून परत आली की तिला एवढेच विचारा, ताई, आज काय शिकवले आणि त्याने तू एक पायरी वर चढलीस का? तिचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तो निधी शिक्षणाचा नव्हता, वेठीचाच होता, असे समजा.

जयभीम!